जेम्स मन्रोचं चरित्र मूळ कागदांवरून कसं उभं करायचं

जेम्स मन्रोच्या आयुष्यात तीन वेगवेगळी कामं आहेत. 1776 मध्ये तो व्हर्जिनियाच्या तिसऱ्या रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट झाला. 1794 ते 1796 आणि पुन्हा 1803 ते 1807 तो युरोपात अमेरिकेचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून राहिला. त्यानंतर परराष्ट्रमंत्री, काही काळ युद्धमंत्री आणि 1817 ते 1825 अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. त्याच्यावरचे बहुतेक लेख या पदांची माळ ओवून थांबतात, आणि वाचल्यावर माणूस काही हाती लागत नाही. कारण सरळ आहे: शिपाई, वकील आणि मुत्सद्दी या तिन्ही भूमिका वेगवेगळ्या जातीचे कागद मागे ठेवतात, आणि ते सगळे एकाच नजरेने वाचले की गोंधळ होतो.

या मार्गदर्शनातला मुख्य नियम एकच आहे. मन्रोच्या प्रत्येक निर्णयाचं मोल त्या दिवशी त्याला काय ठाऊक होतं यावरून ठरवायचं. पॅरिस आणि अमेरिकेची तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया यांच्यामध्ये अटलांटिक होता, आणि एक पत्र पोहोचायला वारा चांगला असेल तर पाच-सहा आठवडे, नाहीतर दोन-तीन महिने लागत. म्हणून लिहायला बसण्याआधी तारखांचं काम पुरं करा. ते कंटाळवाणं वाटतं, पण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहतं.

आधी तक्ता

एक तक्ता उघडा आणि सहा रकाने करा: लिहिल्याची तारीख, लिहिल्याचं ठिकाण, कोणी कोणाला, पोहोचल्याची तारीख, कागदाचा प्रकार, कागद कुठे सापडला. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि भरायला सगळ्यात कठीण. त्याची माहिती बहुधा पत्राच्या मजकुरात नसते. ती पाठीमागच्या शेऱ्यात असते. पत्र मिळाल्यावर ते घडी घालून ठेवताना पाठीवर कोणाचं, कोणत्या तारखेचं आणि कधी मिळालं हे लिहायची त्या काळी सवय होती. छापील आवृत्तीत हा शेरा तळटीपेत जातो, म्हणून तळटीप सोडून मजकूर उतरवून घेतलात तर निम्मी माहिती हातची गेली. शेरा नसेल तर उत्तराच्या पहिल्या ओळी पाहा. ‘आपलं अमुक तारखेचं पत्र काल मिळालं’ अशी सुरुवात फार वेळा असते.

एक्सेल वापरणार असाल तर तारखा मजकूर म्हणून भरा, 1794-08-15 अशा क्रमाने. एक्सेलची तारीख 1900 पासून सुरू होते. त्याआधीच्या तारखा त्याला तारखा म्हणून कळतच नाहीत, आणि क्रम लावताना ओळी उलटसुलट होतात. वर्ष-महिना-दिवस असा मजकूर असेल तर क्रम आपोआप बरोबर लागतो. दिवस माहीत नसेल तिथे 1794-08-00 लिहा. अंदाजाने पहिली तारीख टाकू नका, कारण महिन्याभरात ती खरी वाटायला लागते.

तक्त्यात सुरुवातीला पक्क्या तारखा ठोकून घ्या. जन्म 28 एप्रिल 1758, वेस्टमोरलंड काउंटी, व्हर्जिनिया. स्वातंत्र्ययुद्धातली ट्रेंटनची लढाई 26 डिसेंबर 1776. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ कोर्टराइटशी लग्न 16 फेब्रुवारी 1786. फ्रान्सच्या राष्ट्रीय कन्व्हेन्शनपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या विधिमंडळापुढे, स्वागत 15 ऑगस्ट 1794. फ्रान्सकडून लुइझियाना प्रदेश विकत घेण्याचा करार 30 एप्रिल 1803. लंडनमधला मन्रो-पिंकनी करार 31 डिसेंबर 1806. काँग्रेसला प्रसिद्ध संदेश 2 डिसेंबर 1823. मृत्यू 4 जुलै 1831, न्यूयॉर्क. बाकी सगळे कागद या खुंट्यांच्या मध्ये बसवायचे आहेत.

फसवणाऱ्या तारखा

अमेरिकेत वसाहतींनी 1752 मध्ये नवी दिनगणना घेतली. मन्रो त्यानंतर जन्मला, त्यामुळे त्याच्यापुरता हा प्रश्न नाही. जॉर्ज वॉशिंग्टनसारख्या वयाने मोठ्या माणसांच्या जन्मतारखा मात्र दोन दिसतील, 11 फेब्रुवारी आणि 22 फेब्रुवारी. दोन्ही बरोबर आहेत, गणना वेगळी आहे.

खरी अडचण फ्रेंच प्रजासत्ताकाच्या दिनदर्शिकेची. मन्रोच्या पॅरिसमधल्या दोन्ही मुक्कामांत फ्रेंच सरकारचे कागद याच तारखांचे आहेत. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षाच्या शेवटी पाच किंवा सहा जादा दिवस, अशी तिची रचना. 9 थर्मिदोर वर्ष 2 म्हणजे 27 जुलै 1794, रोबेस्पिएरचं पतन. मन्रो 2 ऑगस्टला पॅरिसला पोहोचला, म्हणजे सहा दिवसांनी. त्याचं स्वागत झालं ती तारीख 28 थर्मिदोर. लुइझियाना करारावरची तारीख 10 फ्लोरेआल वर्ष 11. चूक कुठे होते? वर्षाचा पहिला दिवस दरवर्षी 22 सप्टेंबर नसतो. वर्ष 4, 8, 9, 10 आणि 11 यांची सुरुवात 23 सप्टेंबरला होते, वर्ष 12 ची 24 सप्टेंबरला. एकच सूत्र सगळीकडे लावलं की एका दिवसाचा फरक पडतो, आणि लुइझियानासारख्या प्रकरणात, जिथे सगळं एका आठवड्यात घडतं, तो एक दिवस महाग पडतो.

इंग्रजी पत्रांत ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना आणि ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा महिना. 3 मार्चच्या पत्रातली ‘10 अल्टिमो’ ही 10 फेब्रुवारी झाली. तक्त्यात भरताना लगेच पूर्ण तारखेत बदला.

कागद कुठे शोधायचे

मन्रोचा सर्वात मोठा खासगी संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्याची छायाचित्रं मोफत पाहता येतात. नॅशनल आर्काइव्ह्जच्या फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळापासून सुरुवात करणं सोपं, कारण तिथे मजकूर टंकित आणि शोधण्याजोगा आहे. पण त्याची मर्यादा आधी समजून घ्या. तो संग्रह वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या सात जणांचा आहे. मन्रो त्या सातांत नाही. त्याची जेफरसन आणि मॅडिसनशी झालेली पत्रापत्री तिथे भरपूर मिळेल, पण परराष्ट्रमंत्री एडमंड रँडॉल्फला पाठवलेले त्याचे सरकारी खलिते मिळणार नाहीत. ज्यांनी फक्त फाउंडर्स ऑनलाइन वाचलं त्यांच्या लेखनात मन्रो हा जेफरसनचा आज्ञाधारक मित्र होऊन बसतो. त्याचं मूळ निवडलेल्या कागदांत आहे. त्याच्या स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही.

सरकारी खलित्यांसाठी नॅशनल आर्काइव्ह्जच्या मायक्रोफिल्म पाहाव्या लागतात: फ्रान्समधल्या वकिलांचे खलिते एम34, ब्रिटनमधल्यांचे एम30, आणि 1801 नंतर वॉशिंग्टनहून गेलेल्या सूचना एम77. अमेरिकन स्टेट पेपर्सच्या परराष्ट्र विभागात यांतले बरेच छापलेले आहेत, पण ते काँग्रेसपुढे ठेवण्यासाठी निवडलेले होते. काटछाट झाली असेल हे धरून चाला. व्हर्जिनियाच्या फ्रेडरिक्सबर्गमधलं युनिव्हर्सिटी ऑफ मेरी वॉशिंग्टन मन्रोच्या कागदांची संपादित आवृत्ती काढतं. संदिग्ध वाचनाच्या बाबतीत निर्णय द्यायची वेळ आली तर तिच्यावर विसंबावं.

मन्रोचं अक्षर वाईट आहे. घाईत लिहिलेल्या मसुद्यांत तर ओळी एकमेकींत घुसतात. त्याचं एखादं टंकित पत्र हाताशी ठेवून तेच पत्र मूळ छायाचित्रात ओळीने वाचा. अशी पाच-सहा पत्रं झाली की त्याच्या अक्षरांची वळणं आणि संक्षेप ओळखू येतात. आधी न कळलेला शब्द चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह सोडा आणि पुढे जा. वाक्याच्या अर्थावरून शब्द ‘बसवायला’ गेलात की तुम्ही मन्रोऐवजी स्वतःचं वाक्य लिहाल.

एकाच पत्राच्या अनेक प्रती सापडतील. जहाज बुडण्याची किंवा पकडलं जाण्याची भीती असल्याने वकील तेच पत्र दोन-तीन जहाजांतून पाठवत. मसुदा, पत्रवहीतली नक्कल, पहिली प्रत आणि दुसरी प्रत या चार कागदांच्या तारखाही कधी वेगळ्या असतात. समोरच्याने वाचलेली प्रत कोणती, हे ठरवा आणि तीच आधाराला घ्या. मसुद्यात खोडलेलं वाक्य मन्रोच्या मनात काय होतं ते सांगतं, पण ते वाक्य मंत्र्याने वाचलंच नव्हतं.

गुप्त मजकूर आकड्यांत असतो, आणि एकेका आकड्यामागे एकेक शब्द किंवा अक्षरगट असतो. छापील आवृत्तीत उकललेला भाग तिरप्या अक्षरांत किंवा खुणांनी दाखवलेला असतो. ती खूण तक्त्यातही ठेवा. वकिलाने कोणती गोष्ट सांकेतिक केली आणि कोणती उघडी सोडली, यावरून त्याला कशाची भीती होती ते कळतं.

शिपाई: हजेरीपट आणि आठवणी वेगळ्या ठेवा

सैनिकी काळासाठी तीन फिल्म लागतात: रेजिमेंटचे हजेरीपट व पगारपट एम246, सेवेची संकलित कार्डं एम881, आणि निवृत्तिवेतन व जमिनीचे अर्ज एम804. कार्डं सोयीची वाटतात, पण ती 1890 च्या दशकापासून कारकुनांनी जुन्या पटांवरून उतरवलेली आहेत. नावाचं स्पेलिंग ‘मन्रो’, ‘मनरो’ असं बदलतं, त्यामुळे सगळी रूपं शोधा. कार्ड नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. युद्धखात्याच्या कचेरीला नोव्हेंबर 1800 मध्ये आग लागली आणि बरेच कागद गेले. ऑगस्ट 1814 मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं तेव्हा आणखी नुकसान झालं.

हजेरीपटावर नावापुढे ‘कामगिरीवर’, ‘रजेवर’, ‘आजारी’ असे शेरे असतात. महिन्याच्या पटावर नाव आहे म्हणून त्या महिन्यातल्या लढाईत माणूस होता असं लिहू नका. पट, वॉशिंग्टनचे दैनिक आदेश आणि एखादं समकालीन पत्र या तिघांचा मेळ बसला तर लिहा.

ट्रेंटनचं प्रकरण या कामासाठी उत्तम सराव आहे. कॅप्टन विल्यम वॉशिंग्टनच्या तुकडीत मन्रो लेफ्टनंट होता. ही तुकडी मुख्य सैन्याच्या पुढे डेलावेअर नदी ओलांडून गेली आणि तिने रस्ता अडवला. सकाळी किंग स्ट्रीटवर हेशियन सैनिक (ब्रिटिशांच्या बाजूचे भाडोत्री जर्मन) दोन तोफा लावत असताना हिने हल्ला केला. कॅप्टनच्या हातांना जखमा झाल्या, मन्रोच्या खांद्यात गोळी घुसून धमनी तुटली, आणि डॉक्टर जॉन रायकरने ती दाबून धरल्यामुळे तो वाचला. यातला हल्ला आणि जखमा समकालीन कागदांत आहेत. रायकर रात्री घराबाहेर आला, भांडला, मग तुकडीबरोबर निघाला, हा तपशील मुख्यतः मन्रोच्या उतारवयातल्या लेखनातून येतो. ते लेखन तृतीयपुरुषी आहे, अपुरं आहे आणि अध्यक्षपदापर्यंत पोहोचत नाही. ते लिहिताना मन्रो कर्जात होता आणि जुन्या सेवेचे पैसे सरकारकडे मागत होता, हे लक्षात ठेवून वापरा. टाकून देऊ नका. फक्त वाक्यात ‘मन्रोने नंतर लिहिल्याप्रमाणे’ असं यायला हवं.

नदी ओलांडण्याचं लॉइत्सेचं 1851 चं प्रसिद्ध चित्र पुरावा म्हणून वापरायचं नाही. त्यात मन्रो जॉर्ज वॉशिंग्टनच्याच होडीत झेंडा धरून उभा आहे. प्रत्यक्षात तो आधीच पुढे गेलेला होता, आणि चित्रातला तारे-पट्ट्यांचा झेंडा काँग्रेसने 14 जून 1777 ला ठरवला.

पुढचा भाग थोडक्यात आटपता येतो. ट्रेंटननंतर कॅप्टनपद, 1777 मध्ये अमेरिकी जनरल लॉर्ड स्टर्लिंगचा सहायक म्हणून मेजरपद, ब्रँडीवाइन, जर्मनटाउन, व्हॅली फोर्ज आणि 28 जून 1778 ला मॉनमथ. हुद्द्यांत मात्र गफलत होते. काँटिनेंटल सैन्यातला (काँग्रेसच्या सामाईक सैन्यातला) हुद्दा आणि राज्याने दिलेला हुद्दा हे दोन वेगळे रकाने ठेवा. लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मन्रोला व्हर्जिनिया राज्याकडून मिळाला, पण त्याला नेतृत्व करायला रेजिमेंट कधी उभी राहिलीच नाही. लोक त्याला आयुष्यभर कर्नल मन्रो म्हणत आले. त्या हाकेवरून त्याला ब्रँडीवाइनला कर्नल करून टाकणारे लेख सापडतात.

वकील: सगळं काम पोहोचल्याच्या तारखेत आहे

हा भाग सावकाश करा. मन्रोवरचे कठोर निकाल इथेच दिले गेले आहेत, आणि त्यांतले काही तक्ता मांडल्यावर सैल पडतात.

ऑगस्ट 1794 मध्ये पॅरिसला त्याने कन्व्हेन्शनपुढे फार जिव्हाळ्याचं भाषण केलं. त्याच वेळी अमेरिकेचा दुसरा वकील जॉन जे लंडनमध्ये फ्रान्सशी लढत असलेल्या ब्रिटनशी बोलणी करत होता. रँडॉल्फने 2 डिसेंबरच्या पत्रात मन्रोची कानउघाडणी केली. आता तक्त्यात पाहा: जॉन जेच्या करारावर 19 नोव्हेंबर 1794 ला सही झाली. त्याचा मजकूर फिलाडेल्फियाला मार्च 1795 मध्ये पोहोचला आणि सिनेटने तो 24 जूनला 20 विरुद्ध 10 मतांनी मान्य केला. या सगळ्या काळात पॅरिसमध्ये फ्रेंच अधिकारी मन्रोला त्या करारात काय आहे ते विचारत होते, आणि त्याच्याकडे मजकूरच नव्हता. या महिन्यांतलं त्याचं प्रत्येक वाक्य या पार्श्वभूमीवर वाचा. परत बोलावल्याचं नवा परराष्ट्रमंत्री टिमोथी पिकरिंगचं पत्र 22 ऑगस्ट 1796 चं आहे, पण ऑगस्ट ते नोव्हेंबर मन्रो पॅरिसमध्ये वकील म्हणूनच वागत होता, कारण ते पत्र त्याच्या हाती नोव्हेंबरमध्ये पडलं. ‘बडतर्फ झाल्यावरही तो बोलणी करत राहिला’ असं वाक्य तुमच्या टिपणात आलं असेल तर खोडा.

याच काळात त्याने लेखक थॉमस पेनला पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग तुरुंगातून सोडवलं, नोव्हेंबर 1794 मध्ये. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या लाफायेतची पत्नी अँड्रीएन हिची सुटका जानेवारी 1795 ची. या दोन्हींसाठी फ्रेंच आदेशांच्या तारखा बदलून घ्याव्या लागतात.

लुइझियाना प्रकरणात उलटा धोका असतो, सगळं श्रेय एकालाच देण्याचा. दिवसवार मांडा. मन्रो आणि पॅरिसमध्ये आधीपासून असलेला वकील रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांना 2 मार्च 1803 च्या सूचनांप्रमाणे न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडांसाठी जास्तीत जास्त 5 कोटी फ्रँक देऊ करायची मुभा होती. मन्रो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कहून निघाला आणि 8 एप्रिलला ल हाव्रला उतरला. 11 एप्रिलला फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँने लिव्हिंग्स्टनला विचारलं की सगळी लुइझियाना घेता का. मन्रो पॅरिसला पोहोचला 12 ला. म्हणजे प्रस्ताव मन्रो पॅरिसमध्ये नसताना आला, पण तो येतो आहे हे फ्रेंचांना ठाऊक असताना आला. दोन्ही वकिलांनी नंतर श्रेयासाठी पत्रं लिहिली. त्यामुळे मे 1803 नंतरच्या कागदांना तक्त्यात वेगळा रंग द्या. करारावरची तारीख 30 एप्रिल आहे, पण सह्या प्रत्यक्षात 2 मेला झाल्या.

बातमी वॉशिंग्टनला जुलैच्या सुरुवातीला पोहोचली, सिनेटने 20 ऑक्टोबरला 24 विरुद्ध 7 मतांनी मान्यता दिली आणि न्यू ऑर्लिन्सचा ताबा 20 डिसेंबरला मिळाला.

लंडनच्या करारासाठी दोन टोकं जोडून वाचा. मन्रो आणि विल्यम पिंकनी यांनी 31 डिसेंबर 1806 ला सही केलेल्या करारात अमेरिकी जहाजांवरून खलाशी उचलून ब्रिटिश आरमारात भरती करण्यावर बंदी नव्हती. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने तो सिनेटपुढे ठेवलाही नाही. आठ वर्षांनी मन्रो स्वतः परराष्ट्रमंत्री होता. जून 1814 च्या शेवटी त्याने ब्रिटनशी युद्ध थांबवण्याची बोलणी करायला गेंटला गेलेल्या वकिलांना कळवलं की गरज पडली तर ही खलाशी उचलण्यावरच्या बंदीची मागणी सोडा. गेंटचा करार 24 डिसेंबरला झाला. त्याची बातमी वॉशिंग्टनला 14 फेब्रुवारी 1815 ला आली, आणि मधल्या काळात 8 जानेवारीला न्यू ऑर्लिन्सची लढाई होऊन गेली. मन्रोचं चरित्र लिहिणाऱ्याने ही दोन प्रकरणं एकाच पानावर आणावीत असं आमचं ठाम मत आहे. वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरली की माणसाच्या आयुष्यातला हा सगळ्यात बोलका दुवा निसटतो.

नावांची एक सूचना. पिंकनी चार आहेत आणि चारही मन्रोला भेटतात. थॉमस पिंकनी 1790 च्या दशकात लंडनला वकील. चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी 1796 मध्ये पॅरिसला मन्रोच्या जागी आला आणि फ्रान्सने त्याला स्वीकारलं नाही. चार्ल्स पिंकनी 1805 मध्ये माद्रिदला मन्रोबरोबर होता. आणि 1806 चा विल्यम पिंकनी, ज्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘सी’ नाही आणि जो त्या घराण्यातला नाही. तक्त्यात कधीही नुसतं आडनाव लिहू नका.

पैसे

लुइझियानाच्या करारात विनिमयाचा दर दिलेला आहे: एक डॉलर म्हणजे 5.3333 फ्रँक. त्याने भागून पाहा. जमिनीचे 6 कोटी फ्रँक म्हणजे 1 कोटी 12 लाख 50 हजार डॉलर, अमेरिकी नागरिकांच्या फ्रान्सवरच्या दाव्यांचे 2 कोटी फ्रँक म्हणजे 37 लाख 50 हजार, एकूण दीड कोटी. सूचनांमधले 5 कोटी फ्रँक म्हणजे 93 लाख 75 हजार. सगळ्या रकमा जुळल्या की तुमचे आकडे नीट आहेत.

व्हर्जिनियाचा पौंड आणि ब्रिटिश पौंड एक नाहीत. व्हर्जिनियात सहा शिलिंगांचा एक डॉलर, म्हणून पौंडाचे साधारण 3.33 डॉलर. ब्रिटिश पौंडाचे 4.44. युद्धकाळातला काँटिनेंटल कागदी डॉलर तर मार्च 1780 मध्ये काँग्रेसनेच चाळीसास एक असा धरला. मन्रोच्या 1779-80 च्या कागदांत रक्कम आली की ती कोणत्या चलनात आहे हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. वकिलाचा पगार वर्षाला 9,000 डॉलर आणि सुरुवातीच्या खर्चासाठी तेवढीच रक्कम, हे धरलं की त्याच्यावर कर्ज का चढलं याचा हिशेब मांडता येतो. काँग्रेसने अखेर 1826 मध्ये 29,513 आणि 1831 मध्ये 30,000 डॉलर दिले. त्या वादातले समितीचे अहवाल छापलेले आहेत आणि त्यात युरोपातल्या खर्चाचे तपशील आहेत.

मुत्सद्दी

1823 चा सिद्धांत वाचायचा तर संदेश पूर्ण वाचा. तो वार्षिक अहवाल आहे, आणि ज्याला नंतर मन्रो सिद्धांत म्हणू लागले तो मजकूर त्यात दोन ठिकाणी विभागलेला आहे. नव्या वसाहती नकोत हे सुरुवातीला, रशियाशी चाललेल्या बोलण्यांच्या ओघात येतं. युरोपीय सत्तांनी या खंडात हस्तक्षेप करू नये हे शेवटाकडे येतं. दोन्ही तुकडे एकत्र छापणारे उतारे सगळीकडे आहेत, पण ते एकामागे एक लिहिलेले नव्हते आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

मग श्रेयाचा प्रश्न. ऑगस्ट 1823 मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कॅनिंगने लंडनमध्ये अमेरिकी वकील रिचर्ड रशपुढे संयुक्त जाहीरनाम्याची कल्पना मांडली. मन्रोने 17 ऑक्टोबरला जेफरसनला विचारलं आणि जेफरसनने 24 ऑक्टोबरला उत्तर लिहिलं. मॅडिसननेही सल्ला दिला. 7 नोव्हेंबरला मंत्रिमंडळात चर्चा झाली आणि परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सने ब्रिटनपासून वेगळं उभं राहायचा आग्रह धरला. हे आपल्याला मुख्यतः अ‍ॅडम्सच्या रोजनिशीतून कळतं. रोजनिशी नेटकी आणि सविस्तर आहे, मन्रोने तशी ठेवली नाही. त्यामुळे बैठकीत अ‍ॅडम्स बोलतो आणि मन्रो ऐकतो असंच चित्र तयार होतं. प्रत्येक प्रसंगाला रोजनिशीशिवाय दुसरा एखादा कागद शोधा, आणि नसेल तर ते वाक्यातच सांगा.

भाषणांच्या बाबतीतही हेच. जून 1788 च्या व्हर्जिनियाच्या अधिवेशनात मन्रो राज्यघटनेच्या विरोधात होता. घटना 89 विरुद्ध 79 मतांनी मंजूर झाली. तिथली भाषणं लघुलिपीत टिपलेली आहेत. आशयासाठी ती घ्या, शब्दशः अवतरणासाठी जपून.

घर, शेती आणि गुलाम

हा भाग गाळून चरित्र पूर्ण होत नाही. व्हर्जिनियात 1782 पासूनच्या वार्षिक मालमत्ताकराच्या याद्या आहेत. त्यात घरातले करपात्र लोक, गुलाम आणि जनावरं नोंदलेली असतात. वर्षागणिक आकडे मांडा, मग विक्री आणि स्थलांतर दिसू लागतं. गॅब्रिएल या गुलामाने आखलेला गुलामांचा उठाव 30 ऑगस्ट 1800 ला ठरलेला होता, तेव्हा मन्रो व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. उठाव फसल्यावर सव्वीस जणांना फाशी दिली गेली. गव्हर्नरच्या कार्यालयाचे कागद लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत आणि फाशी दिलेल्यांच्या मालकांना राज्याने दिलेल्या भरपाईच्या नोंदीही मिळतात. 1820 च्या दशकाच्या अखेरीस मन्रोने आपल्याकडच्या गुलामांपैकी काही कुटुंबं फ्लोरिडातल्या कासा बियांका मळ्याच्या मालकाला विकली. अशा नोंदींत जी नावं मिळतील ती तक्त्यात स्वतंत्र व्यक्ती म्हणून भरा, मन्रोच्या मालमत्तेची ओळ म्हणून नको.

एलिझाबेथ मन्रोबद्दल मात्र कागद फार थोडे आहेत. पती-पत्नींमधली पत्रं जवळजवळ उरलेली नाहीत. ही पोकळी कल्पनेने भरू नये.

छापण्याआधी

मजकुरातलं प्रत्येक ‘त्याला माहीत होतं’ आणि ‘त्याने दुर्लक्ष केलं’ शोधा आणि तक्त्याचा चौथा रकाना पाहा. तिथे तारीख नसेल तर वाक्य बदला. प्रत्येक हुद्दा कोणी दिला ते तपासा. प्रत्येक रकमेचं चलन तपासा. पुरण्याच्या जागाही दोन आहेत: 1831 मध्ये न्यूयॉर्क, आणि 1858 मध्ये अवशेष रिचमंडच्या हॉलिवूड स्मशानभूमीत हलवले गेले.

आणि चित्रं. शार्लट्सव्हिलजवळच्या हायलंड या मळ्यावर जे घर उभं आहे ते बराच काळ मन्रोच्या मुख्य घराचा भाग म्हणून दाखवलं गेलं. 2016 मध्ये जाहीर झालेल्या उत्खननात मुख्य घराचा पाया वेगळ्या जागी सापडला, आणि उभं असलेलं घर 1818 चं पाहुण्यांसाठीचं ठरलं. जुन्या लेखांतून छायाचित्र उचललंत तर त्याखालची ओळ तुम्हाला स्वतः लिहावी लागेल.